ईसीजी काढायला शिकायचे, पण कुठे?

मिरजेच्या एका वस्तीत, विहारात आम्ही रक्तदाब तपासायला बसलो होतो. एक आई मुलीचे प्रमाणपत्र घेऊन आली. बचत गटाचे कर्ज काढून मुलीने एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा 'हृदय तंत्रज्ञ' कोर्स केला होता. नोकरीला गेली तर दवाखान्याने कागद बघून परत पाठवले. कागदावर ना विद्यापीठाचे नाव, ना कौन्सिलचे. शिकवायला ईसीजी मशीन एकच, तेही बहुतेक बंद. कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत.

काम चांगले आहे, म्हणूनच त्याच्या नावावर दुकाने चालतात. छातीत दुखते म्हणून माणूस आला की दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. हातापायांना चार आणि छातीवर सहा टोके लावायची. दिसायला सोपे. पण दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या, किंवा छातीवरचे टोक एक बरगडी वर गेले, की पट्टी खोटे बोलते. शिकाऊ असताना आमच्या हातून वायरी उलट्या लागल्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी पट्टी बघताच ओळखले आणि पुन्हा काढायला लावली. ही नजर सहा महिन्यांत येत नाही. पुढे टीएमटी, होल्टर, टू-डी इको, कॅथलॅब हे सगळे शिकायचे असतेच.

आणखी एक. परक्या पुरुषासमोर पदर बाजूला करायचा म्हणून ईसीजी टाळणाऱ्या कितीतरी बाया आम्ही पाहिल्या. तिथे आपली मुलगी उभी असेल तर त्या टाळणार नाहीत.

अमेरिकेत हे शिक्षण दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातही मिळते. आपल्याकडे सरळ वाट बीपीएमटी पदवीची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम. बारावी सायन्सला जीवशास्त्र हवे. तीन वर्षे शिक्षण, नंतर इंटर्नशिप. त्यात कार्डिऑलॉजी टेक्निशियन ही शाखा आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे, साताऱ्यालाही आता झाले आहे. कुठली शाखा, किती जागा, हे आधी तिथल्या कार्यालयात जाऊन विचारा. खासगी संस्थेत गेलात तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: विद्यापीठ कोणते, महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होईल का, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार. "आधी पैसे भरा, मग बघू" म्हणाले की उठा.

पैशाचे म्हणाल तर महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण खरी अडचण कागदांची. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते, मग आजोबांचा जुना दाखला शोधत फिरावे लागते. पडताळणीला महिने जातात. अकरावीतच अर्ज करा.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी बारावी सायन्स आहे. तिचा फॉर्म आम्ही भरून घेत आहोत.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो विद्यार्थी दिन. यंदा त्या दिवशी आम्ही विहारात कागद तपासायला बसू. मुलांचा आणि वडिलांचा शाळेचा दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला बरोबर आणा.