पारावरचा वीरगळ, गावाची ओळख

लिखित साधने उपलब्ध असलेल्या काळाचा वस्तू, वास्तू आणि मातीतल्या अवशेषांवरून केलेला अभ्यास म्हणजे इतिहासकालीन पुरातत्त्व. कागदपत्रे हाताशी असताना दगडांकडे वळावे लागते, कारण ताम्रपट दान देणाऱ्या राजाची नोंद ठेवतो; गावची गुरे सोडवताना पडलेल्या माणसाची क्वचितच.

त्याची नोंद वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, ठेवतो. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून हा शब्द आला. सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत देवळाला किंवा पाराला टेकवलेले असे दगड दिसतात. ते खालून वर वाचायचे. तळाला वीर आडवा पडलेला. शेजारी गाई असतील तर लढाई गोधनासाठी झाली. त्यावर झुंज, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला आणि माथ्यावर चंद्रसूर्य: ते असेपर्यंत कीर्ती राहो, ही खूण. सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेवर मात्र कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. बहुतेक दगडांवर अक्षर नाही, म्हणून शस्त्रे, पेहराव आणि घडणीवरून काळ ठरवावा लागतो. १२१२ च्या सुमारास शिलाहार राजांचा हा मुलूख यादव राजांकडे गेला, तरी वीरगळ घडवण्याची रीत चालूच राहिली.

पुढे वीराचे नाव विसरले गेले. कुठे दगडाला शेंदूर लागून तो वेताळ झाला, कुठे पांडवांनी आणून ठेवला असे लोक सांगू लागले. ही समजूतही पुरावाच आहे. गावाने आपला भूतकाळ कसा जपला ते तीतून कळते.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरची ओळखही अशीच थरांची. उरुण आणि इस्लामपूर ही जोडनावे नगरपालिकेने वागवली. ही नगरपालिका १८५३ सालची. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘ईश्वरपूर’ हे नाव विधानसभेत जाहीर केले. याच गावात बुवाफन आणि त्यांचे शिष्य शंभूआप्पा या गुरुशिष्यांच्या नावाने उरूस भरतो, आणि हिंदू-मुसलमान दोघेही तो आपला मानतात. गावाचा इतिहास लिहिताना नावाच्या वादाइतकेच वजन या उरुसाला द्यायला हवे.

वीरगळांसारख्या पुराव्याला आज मोठा धोका देवळांच्या जीर्णोद्धाराचा आहे, आणि तो बहुधा श्रद्धेपोटीच होतो. वीरगळ पायात चिणला जातो, नाहीतर ऑइलपेंटने रंगवला जातो. कोरीव रेषा बुजतात. रंग खरवडताना दगडाचा पापुद्राही निघतो. म्हणून काम सुरू होण्याआधी दगडाचे मोजमाप, फोटो, मूळ जागा आणि तोंडाची दिशा टिपून ठेवणे गरजेचे असते.