आकाशलहरींची वाटणी

पेडण्याच्या उत्तरेस, सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, आंबोलीच्या रानात २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोघांनी चालविलेले ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ते हेच. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिले. आपला आवाज किती घरांत ऐकला जातो, ह्याची त्या केंद्राच्या यंत्राला फिकीर करण्याचे कारण नव्हते. दहा माणसे ऐकोत वा दहा हजार. खर्ची पडणारी वीज तेवढीच आणि व्यापलेली लहरही तेवढीच. ध्वनिक्षेपणाचे हे मोठेच वैभव होय. देवळातल्या घंटेप्रमाणे तो नाद सर्वांचा असतो. एकाने ऐकला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही.

आज त्याच हवेतून पेडण्यात आणि डिचोलीत जे बिनतारी ब्रॉडबँड वाहते त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे प्रत्येकाला स्वतःपुरते काही हवे असते. हरमलच्या किनाऱ्यावरील प्रवाशाला चित्रपट हवा, कोरगावच्या विद्यार्थ्याला शिकवणीचा वर्ग हवा, सांखळीच्या व्यापाऱ्याला पैसे पोहोचल्याची पावती हवी. मनोऱ्यावरून निघणारी लहर एकच. पण तिच्यावर स्वार होणारा मजकूर घराघराला वेगळा. म्हणून एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते. लहरींचे हे वाटप कोण करतो आणि कोणत्या न्यायाने करतो, हा प्रश्न येथूनच उद्भवतो.

वाटायचे ते आहे तरी किती? मध्यमलहरींवरील एका नभोवाणी केंद्राला ९ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा पुरतो. २०१० च्या मे-जून महिन्यांत भारत सरकारने बिनतारी ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे लिलावात काढले. गोमंतकात शेताची पावणी होते तशीच ही आकाशाची पावणी! त्यात प्रत्येक परिमंडळासाठी २० मेगाहर्ट्झचे दोन तुकडे होते, आणि देशभरातून सरकारच्या पदरात अडतीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम पडली. गोव्यासाठी वेगळे परिमंडळ नाही. दूरसंचाराच्या नकाशावर तो महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेरेखोलच्या खाडीवर राज्याची सीमा आहे, लहरींची नाही. असा २० मेगाहर्ट्झचा एक तुकडा म्हणजे मध्यमलहरींच्या बावीसशेहून अधिक केंद्रांची जागा. एवढी ऐसपैस जागा असताना तुटवडा का पडावा, असे कोणासही वाटेल.

ह्याचे उत्तर क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली देऊन ठेवले आहे. कोणत्याही वाहिनीतून सेकंदाला किती माहिती निर्दोषपणे जाऊ शकेल, हे पट्ट्याची रुंदी आणि संदेशाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण ह्या दोनच गोष्टी ठरवितात. संदेश गोंगाटाच्या हजारपट बलवान असेल तर एका हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे १० बिट जाऊ शकतात. २० मेगाहर्ट्झमधून म्हणजे २० कोटी बिट. मनोऱ्याची शक्ती दुप्पट केली तर ४० कोटी मिळतील अशी आशा वाटते. मिळतात फक्त २२ कोटी. ओरडून बोलल्याने फारसे साधत नाही. रुंदी दुप्पट झाली आणि गोंगाटाशी प्रमाण तेच राहिले तर मात्र माहिती दुप्पट जाते. परंतु रुंदी पावणीत घ्यावी लागते आणि तिला हद्द आहे. शिवाय हा सारा हिशेब मनोऱ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाचा झाला. सड्यापलीकडच्या घराचा हिशेब निराळा.

हा फरक ध्यानी येण्यास तिळारीचा पाट पाहावा. धरण दोडामार्गात; त्याचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांकडे येते. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याने दार उघडले की पाणी धो धो येते. शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेतो वाटेत मुरते, झिरपते, आटते. तोंडाच्या शेतकऱ्याचे वाफे तासाभरात भरतात, तर शेवटच्याला तेवढ्याच वाफ्यांसाठी दिवस घालवावा लागतो. लहरींचेही असेच होते. डिचोली तालुक्यात खाणींच्या टाकाऊ मातीचे डोंगर लहरींच्या वाटेत आडवे उभे आहेत. पेडण्यात कातळाचे सडे आणि त्यांच्यामधल्या काजू-माडांनी भरलेल्या घळी आहेत. ओली पाने ह्या लहरी शोषून घेतात, म्हणून पावसाळ्यात घळीतले घर मनोऱ्यापासून आणखी दूर गेल्यासारखे होते.

संदेश क्षीण झाला की यंत्र सावध होते. जवळच्या ग्राहकाशी ते भरभर बोलते: लहरीच्या एका ठेक्यात ६ किंवा ८ बिट कोंबते. दूरच्याशी ते सावकाश, शब्द तोडून बोलते: एका ठेक्यात दोनच बिट, आणि त्यांतही ऐकताना चूक झाली तर ती सुधारता यावी म्हणून बरेचसे जादा बिट मिसळलेले. परिणामी जवळच्या घराला सेकंदाला ४० मेगाबिट मिळू शकतील अशा पट्ट्यातून दूरच्या घराला जेमतेम ४ मिळतात. पट्टा तोच, वेळही तोच.

आता एका मनोऱ्याखाली असे एक जवळचे आणि एक दूरचे, अशी दोनच घरे आहेत असे समजू. वाटणी कशी करावी? एक मार्ग असा की, जो अधिक वेगाने घेऊ शकतो त्यालाच सर्व वेळ द्यावा. जवळच्याला ४०, दूरच्याला शून्य. मनोऱ्याच्या मालकाच्या वहीत एकूण आकडा सर्वांत मोठा दिसेल, आणि डोंगराआडचे गाव अंधारात राहील. दुसरा मार्ग सरळ समतेचा: दोघांना माहिती समसमान. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३.६ मेगाबिट येतात. एकूण आकडा ४० वरून सवासातावर घसरतो, कारण दहातला नऊ हिस्से वेळ दूरच्या घराची भर करण्यातच जातो. तिसरा मार्ग वेळ समान वाटण्याचा: अर्धा सेकंद ह्याला, अर्धा त्याला. जवळच्याला २०, दूरच्याला २. पाटावर पाण्याची पाळी घड्याळ लावून देतात तोच हा प्रकार. प्रत्येकाच्या पाळीत जे येईल ते त्याचे.

आजच्या जाळ्यांत बहुधा ह्या तिसऱ्या मार्गाचे एक चतुर रूप वापरले जाते. ते २००० च्या सुमारास पुढे आले. लहरींची अवस्था क्षणाक्षणाला बदलते; माणूस चालतो, माड हलतो, वाटेत ट्रक येतो. म्हणून यंत्र प्रत्येक ग्राहकाविषयी दोन आकडे पाहते: ह्या क्षणी त्याला किती देता येईल, आणि आजवर सरासरीने त्याला किती मिळाले. पहिल्याला दुसऱ्याने भागून ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी. ज्याला फार दिवसांचा उपवास घडला त्याचा भाजक लहान, म्हणून त्याचा क्रमांक आपोआप वर चढतो. आणि दूरच्याला पाळी मिळते ती शक्यतो त्याची लहर जरा बरी असेल अशा क्षणी. चौथ्या पिढीच्या जाळ्यात असा निवाडा सेकंदात हजार वेळा होतो. गावकीच्या बैठकीत जो तंटा तासन्‌तास चालला असता तो येथे कोणाला कळण्यापूर्वीच निकालात निघतो. हेच थोडे खटकणारे आहे. समता कशाची, मालाची की वेळाची, हे कोणी तरी माणसानेच ठरविलेले असते. पण ते इतके खोल यंत्रात पुरलेले असते की, तक्रार करणाऱ्या ग्राहकाला आपल्याला कोणता न्याय लागू झाला हे विचारण्याचीही सोय राहत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. पूर्वी सेकंदाला ५१२ किलोबिटची जोडणी त्या नावास पात्र ठरे. आता किमान २ मेगाबिट हवेत. वरच्या उदाहरणातले दूरचे घर नेमके ह्या उंबरठ्यावर उभे आहे. मोरजी-मांद्र्याच्या पट्ट्यात डिसेंबर उजाडला, पर्यटकांचा मोसम भरला आणि त्याच मनोऱ्यावर तिसरा ग्राहक आला की, ते उंबरठ्याच्या खाली जाते.

पाळीबरोबर मालाची जातही पाहावी लागते. फोनवरील संभाषणाचा मजकूर थोडा; पण तो थांबून राहू शकत नाही, अर्ध्या सेकंदाचा विलंबही कानाला बोचतो. मोठी फाईल उतरवून घ्यायची असेल तर ती पाच मिनिटे उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. बिनतारी ब्रॉडबँडचा ‘वायमॅक्स’ नावाचा जो आराखडा प्रथम प्रचारात आला त्यात मजकुराचे असे चार वर्ग केले होते आणि २००५ मध्ये पाचवा वाढविला. नावे बदलली तरी ही कल्पना पुढच्या जाळ्यांतही टिकली आहे. हिच्यात एक धोका लपलेला आहे. संभाषणाला फाईलपेक्षा आधी सोडणे वेगळे, आणि एका कंपनीचा चित्रपट दुसरीच्या चित्रपटाआधी सोडणे वेगळे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली, आणि २०१८ मध्ये सरकारने जाळ्याच्या समदर्शित्वाचे तत्त्व मान्य केले. वाहतुकीचे वाजवी नियमन चालेल, पक्षपात चालणार नाही, असा त्याचा आशय. सीमारेषा कागदावर स्पष्ट आहे. मनोऱ्यावर ती पाहण्यास डोळा तयार असावा लागतो.

ह्याखेरीज एक अडचण अशी आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाळी मिळण्यासाठी आधी ती मागावी लागते, आणि मागणीही त्याच हवेतून जाते. मागण्यासाठी राखलेल्या क्षणात दोघे एकदम बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. हवाई बेटांवरील विद्यापीठाने १९७१ साली ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे उभारले तेव्हा ह्याचा अनुभव आला. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे असा नियम ठेवला तर वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. बाकीचा टकरींत किंवा रिकामा जातो. मोपाच्या विमानतळावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमान थांबताच शेदोनशे फोन एकदम जागे होतात आणि एकदम मागणी करतात. पेडण्याच्या पुनवेला किंवा शिरगावच्या लइराईच्या जत्रेला हेच हजारोंच्या संख्येने घडते. फोनवर लहरीच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी काही चालत नाही. त्या रेघा मनोऱ्याचा आवाज तुम्हांला किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात. तुमचा आवाज मनोऱ्याला ऐकू आला की नाही, हे सांगत नाहीत.

अशा गर्दीसाठी जाळ्यात एक तजवीज केलेली असते. प्रत्येक फोनमधील सिमकार्डावर ० ते ९ पैकी एक वर्ग कोरलेला असतो. गर्दी अनावर झाली की मनोरा काही वर्गांना थोडा वेळ मागणी करू नका असे कळवितो, मग त्यांना मोकळे करून दुसऱ्यांना थांबवितो. ११ ते १५ हे वर्ग वेगळे; ते सुरक्षादले, आणीबाणीच्या सेवा, सार्वजनिक सेवा आणि जाळ्याची स्वतःची माणसे ह्यांच्यासाठी राखलेले. संकटकाळच्या हाकेला स्वतंत्र वाट आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अशा वेळी रुग्णवाहिकेची हाक दहा हजार छायाचित्रांच्या मागे रांगेत उभी राहता कामा नये. यंत्राला ते शिकविता येते. मात्र जत्रेपूर्वी कोणी तरी बसून ते शिकविले पाहिजे.

मनोऱ्याच्या पाठीमागेही एक पाट असतो. ज्या मनोऱ्याला तंतुवाहिनीची जोड आहे त्याला मागून भरपूर पुरवठा होतो. पुष्कळ मनोरे मात्र १५ किंवा १८ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींनी दुसऱ्या मनोऱ्याला बांधलेले असतात. ह्या लहरींना पावसाचे थेंबच अडवितात. आषाढातील सरीत हा दुवा बारीक होतो आणि मग पुढची वाटणी कितीही न्याय्य असली तरी वाटण्यास मालच नसतो. नवे मनोरे उभारून अंतर कमी करावे तर किरणोत्सर्गाच्या भीतीने विरोध होतो. वास्तविक १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात मनोऱ्यांच्या लहरशक्तीची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांश ठरविली आहे. हे गावसभेत नीट समजावून सांगणे हे मनोरा उभारण्याइतकेच गरजेचे काम होय.

तोवर घळीतल्या घराला करण्याजोगे एक काम आहे. घरात, जाड भिंतीआड ठेवलेले यंत्र बाहेर काढून त्याचा ग्राहक-अँटेना छपरावर, मनोऱ्याच्या दिशेने उंच लावला तर ४ मेगाबिटचे १६ होऊ शकतात. मग वेळाच्या समान पाळीत त्याला २ ऐवजी ८ मिळतात, आणि जवळच्या घराचे २० जसेच्या तसे राहतात.