रोमन लोकांची नावे

इसवी सनापूर्वी ७५ या वर्षी सिसिली बेटावर एक तरुण रोमन अधिकारी काम पाहत होता. देवांना अर्पण करण्यासाठी त्याने चांदीचे एक पात्र घडविले. त्यावर आपल्या नावातील ‘मार्कस’ आणि ‘टुलियस’ हे दोन शब्द त्याने कोरविले. पण तिसऱ्या शब्दाच्या जागी त्याने कारागिराकडून हरभऱ्याचा एक दाणा काढवून घेतला. त्या अधिकाऱ्याचे तिसरे नाव होते सिसेरो, आणि लॅटिन भाषेत ‘सिसेर’ म्हणजे हरभरा! त्याच्या कोणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याच्या दाण्यावर असते तशी खाच होती. त्यावरून हे नाव घराण्याला चिकटले, असे प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. सिसेरो राजकारणात शिरू लागला, तेव्हा हे हास्यास्पद नाव टाकून द्यावे, असे मित्रांनी त्याला सुचविले. त्याने ते मानले नाही. उलट, हेच नाव मोठमोठ्या घराण्यांच्या नावांहून अधिक कीर्तिमान करून दाखवीन, असे त्याने त्यांना सांगितले.

सिसेरोच्या काळी प्रतिष्ठित रोमन पुरुषाचे नाव बहुधा तीन शब्दांचे असे. पहिले त्याचे स्वतःचे नाव, दुसरे कुळाचे आणि तिसरे कुळातील शाखेचे. गायस ज्यूलियस सीझर या नावात ‘गायस’ हे त्या पुरुषाचे नाव, ‘ज्यूलियस’ हे कुळाचे आणि ‘सीझर’ हे शाखेचे. स्वतःची म्हणून जी नावे प्रचारात होती, ती जेमतेम वीस असतील. त्यामुळे एकाच गल्लीत कितीतरी मार्कस आणि कितीतरी गायस राहत. ही नावे इतकी परिचित होती, की लिहिताना एकदोन अक्षरे लिहिली तरी पुरत. ‘क्विंटस’ म्हणजे पाचवा आणि ‘डेसिमस’ म्हणजे दहावा, अशी संख्येवरून पडलेली नावेही त्यांत होती.

नावे थोडी आणि माणसे फार, म्हणून तिसऱ्या नावाची गरज पडली. ते पुष्कळदा माणसाच्या रूपावरून किंवा स्वभावावरून पडे. ‘नासो’ म्हणजे मोठ्या नाकाचा, ‘रूफस’ म्हणजे तांबड्या केसांचा, ‘क्रासस’ म्हणजे लठ्ठ. थट्टेने पडलेले हे नाव पुढे मुलानातवंडांकडे वारशाने जाई, मग त्यांचे नाक लहान का असेना! पराक्रमी पुरुषाला आणखी एक नाव मिळे. स्किपिओ या सेनापतीने इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबलचा पराभव केला, तेव्हापासून तो ‘आफ्रिकानस’ म्हणून प्रसिद्ध झाला.

मुलींच्या वाट्याला मात्र एवढी नावे येत नसत. कुळाच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप तेच मुलीचे नाव. ज्यूलियस कुळातील प्रत्येक मुलगी ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळातील प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया. सीझरला दोन बहिणी होत्या. दोघींचेही नाव ज्यूलियाच होते. त्यांना ओळखायचे, तर एक थोरली आणि दुसरी धाकटी. सिसेरोच्या मुलीचे नाव त्याच रीतीने टुलिया असे होते. तिच्यावर त्याची अपार माया होती, आणि लाडाने तो तिला ‘टुलिओला’, म्हणजे छोटी टुलिया, असे म्हणे. समाजाने मुलीला स्वतंत्र नाव दिले नाही, तरी बापाच्या जिव्हाळ्याने ते शोधून काढले.

गुलामांची स्थिती याहून कठीण होती. कायद्याच्या दृष्टीने गुलाम ही मालकाची वस्तू असे. त्याचे एकच नाव, आणि तेही पुष्कळदा मालकाने ठेवलेले. सिसेरोच्या घरी टिरो नावाचा गुलाम होता. तो विद्वान होता. धन्याची भाषणे आणि पत्रे लिहिण्याच्या कामी तो त्याचा उजवा हात होता. तो आजारी पडला, की सिसेरो काळजीने त्याला पत्रांमागून पत्रे लिही. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये सिसेरोने त्याला मुक्त केले. तेव्हा सिसेरोच्या भावाने पत्र लिहून आपला आनंद कळविला. टिरो गुलाम म्हणून नव्हे, तर मित्र म्हणून घरात असावा, हेच त्याला योग्य वाटत होते. मुक्त झालेल्या गुलामाने धन्याची पहिली दोन नावे घ्यावी, अशी रीत होती. त्याप्रमाणे टिरो आता मार्कस टुलियस टिरो झाला. तीन शब्दांच्या या नावात त्याचे स्वातंत्र्य होते. पण तो पूर्वी कोणाचा गुलाम होता, ही खूणही त्यातच होती.

रोमन नागरिकांच्या समुदायाला ‘क्विरिटीज’ असे संबोधीत. हे संबोधन मानाचे होते. पण योग्य शब्दही अयोग्य जागी शस्त्रासारखा लागतो. इसवी सनापूर्वी ४७ मध्ये सीझरच्या सैनिकांनी बंड करून, आम्हांला सेवेतून मोकळे करा, अशी मागणी केली. सीझर नेहमी त्यांना ‘सोबती’ म्हणून हाक मारी. या वेळी त्याने त्यांना ‘क्विरिटीज’ म्हटले; म्हणजे तुम्ही आता सैनिक नव्हेत, साधे नागरिक आहात! हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. आम्ही सैनिकच आहोत, असे सांगून ते पुन्हा त्याच्या आज्ञेत आले.

परकीयांना नावे देताना रोमन लोक त्यांना विचारीत बसले नाहीत. ग्रीक लोक स्वतःला ‘हेलेनीस’ म्हणत. रोमनांनी त्यांना ‘ग्रायकी’ म्हटले, आणि ‘ग्रीक’ हे नाव त्यावरूनच जगभर पसरले. रोमच्या उत्तरेचे एट्रुस्कन लोक स्वतःला ‘रासेन्ना’ म्हणत. आज ते नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. रोमनांवरही हीच पाळी आली होती. ज्यांची भाषा कळत नाही, त्या सर्वांना ग्रीक लोक ‘बार्बारोस’, म्हणजे बडबडणारे, म्हणत. रोमनही त्यात आलेच.

स्थळांच्या नावांत याहून मौज आहे. मालेव्हेंटम नावाच्या गावाच्या नावात रोमन कानांना ‘वाईट’ हा अर्थ ऐकू येई. इसवी सनापूर्वी २६८ मध्ये तेथे वसाहत करताना त्यांनी त्याचे बेनेव्हेंटम, म्हणजे ‘चांगले’ गाव, केले. कार्थेज या नावाचा मूळ अर्थ ‘नवे नगर’. कार्थेजच्या लोकांनी स्पेनमध्ये त्याच नावाचे दुसरे नगर वसविले होते. ते जिंकल्यावर रोमनांनी त्याला ‘नवे कार्थेज’ म्हटले. म्हणजे ते ‘नवे नवे नगर’ झाले! रोमनांच्या वसाहतीला ‘कोलोनिया’ म्हणत. जर्मनीतील कोलोन हे शहर ते नाव आजही मिरवीत आहे. छावणीला ‘कास्त्रा’ म्हणत. इंग्लंडमधील मँचेस्टरसारख्या नावांच्या शेवटी तोच शब्द दडलेला आहे.

पण सत्तेने दिलेले प्रत्येक नाव टिकतेच असे नाही. सम्राट हेड्रियनचे कुळनाम एलियस होते. त्याने जेरुसलेम शहराला ‘एलिया कॅपिटोलिना’ हे नवे नाव दिले. त्या सम्राटाचे साम्राज्य लयाला गेले. शहर आजही जेरुसलेमच आहे.

भारताचे ‘इंडिया’ हे नावही असेच प्रवास करून आले. सिंधू या नदीच्या नावाचे इराणी लोकांनी ‘हिंदू’ केले, ग्रीकांनी ‘इंडोस’ आणि रोमनांनी ‘इंडस’. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने मात्र, तेथील रहिवासी या नदीला ‘सिंदुस’ म्हणतात, असे आवर्जून नोंदविले आहे. पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातील एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तीत कल्याणला ‘कलियेना’ आणि पैठणला ‘पैठाना’ म्हटले आहे. त्या काळी येथील लोकही परकीयांना आपल्या कानांनी ऐकलेलेच नाव देत होते. आयोनियातील ग्रीकांवरून त्यांनी ‘यवन’ हा शब्द घेतला. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर यवन दात्यांचे लेख आजही वाचता येतात.

नाव इतरांनी दिलेले असते. ते चांगले की वाईट, हे ठरविणे मात्र पुष्कळ अंशी ते धारण करणाऱ्याच्या हाती असते. सिसेरोने मित्रांना दिलेला शब्द खरा करून दाखविला. त्याच्या मृत्यूला दोन हजारांहून अधिक वर्षे होऊन गेली. आज त्याचे नाव ऐकून कोणालाही हरभरा आठवत नाही. आठवतो तो रोमचा सर्वश्रेष्ठ वक्ता.