जुन्या फियाटची चाके सरळ करताना

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ‘अलाइनमेंट’ हा शब्द दोन जागी ऐकू येतो. एक, कारखान्यात मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आणताना. दुसरा, बोईसरच्या रस्त्यांवरच्या टायरच्या दुकानांत. पहिल्या कामाला अनुभवी फिटर लागतो आणि दुसऱ्याला आता संगणक पुरतो, अशी समजूत आहे. नव्या गाडीपुरती ती बरीचशी खरी आहे. गाडी पन्नास-साठ वर्षांची असली, की दुसरे काम पुन्हा पहिल्यासारखे होते. पालघर-बोईसर भागातल्या काही जुन्या फियाट गाड्यांच्या निमित्ताने हे मला जवळून पाहता आले. मी अभियंता नाही. गॅरेजमध्ये उभे राहून, विचारून आणि मोजून जे समजले, ते येथे मांडतो.

फियाट ११०० ही मुंबईची गाडी. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ची. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडे. सत्तरच्या दशकात तिचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले. १०८९ सीसीचे इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, पुढची चाके कॉइल स्प्रिंगवर स्वतंत्र आणि मागे पाटे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठी येते. म्हणजे गॅरेजची फेरी ही तिच्या मोजक्या कायदेशीर फेऱ्यांपैकी एक. ती फुकट जाऊ नये.

बैलगाडीला अलाइनमेंटचा प्रश्न पडत नाही. दोन चाके एकाच कण्यावर असतात आणि वळवण्याचे काम बैल करतात. मोटारीत पुढचे प्रत्येक चाक स्वतःच्या खुंटीभोवती वळते, म्हणून प्रत्येकाचा कोन वेगळा सांभाळावा लागतो. कोन तीन. चाक समोरून पाहिले असता आत किंवा बाहेर किती कलले आहे, तो कॅम्बर. चाक ज्या खुंटीभोवती वळते ती बाजूने पाहिली असता मागे किती झुकली आहे, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे हात सैल सोडले तरी चाक सरळ राहू पाहते; कॅस्टरचे कामही तेच. तिसरा टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची नाके एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, लांब गेलेली असली तर टो-आउट.

टायर सर्वांत लवकर खातो तो टो. हिशेब सोपा आहे. चाक आपल्या दिशेपासून एक अंश तिरके असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासत जाते. फियाटच्या चौदा इंची रिमवर पुढच्या आणि मागच्या कडांतल्या अंतरात तीन मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक चाक किलोमीटरला चार मीटरहून थोडे अधिक घासते. डोळ्यांना न दिसणारी चूक अशी रबरावर दिसते.

मग थोडे टो-इन मुद्दाम का ठेवतात? मागच्या चाकांनी ढकललेल्या गाडीत रस्ता पुढच्या चाकांना मागे ओढतो. टाय रॉडच्या सांध्यांत आणि बुशांत जो काही ढिलेपणा असेल, तो त्या ओढीने एका बाजूला जातो आणि चाके बाहेर फाकतात. उभ्या गाडीत चाके किंचित आत ठेवली, की धावताना ती सरळ होतात. म्हणजे पुस्तकातला टोचा आकडा मुळात ठराविक, अगदी थोडा ढिलेपणा गृहीत धरूनच दिलेला असतो. बुश झिजले की ते गृहीत मोडते. आकडा तोच, पण धावणारी गाडी वेगळी.

संगणकाची मर्यादा इथे आहे. यंत्र उभ्या गाडीचा कोन बिनचूक मोजते, पण त्या कोनामागचा सांधा किती हलतो ते सांगत नाही. किंगपिनमध्ये प्ले असलेल्या एका गाडीच्या कागदावर सगळे आकडे हिरवे आलेले मी पाहिले आहेत. जॅकवर घेऊन तेच चाक वर-खाली धरून हलवले, तर हाताला खटका लागत होता. शिवाय यादीत जुनी फियाट नसेल, तर दुसऱ्याच गाडीचे आकडे लावण्याचा मोह होतो.

कारखान्यातला फिटर ही चूक करत नाही. डायल गेज लावण्याआधी तो मोटरचे चारही पाय फाउंडेशनवर नीट बसले आहेत का, ते पाहतो. एक पाय अधांतरी असेल, तर बोल्ट आवळताच मोटर वाकडी होते आणि आधीचे सगळे मोजमाप वाया जाते. म्हणून आधी पायाखाली शिम, मग अलाइनमेंट. गाडीचाही क्रम हाच. आधी टायरची हवा समान. मग चाकाचे बेअरिंग, किंगपिन, आर्मचे बुश, टाय रॉडचे टोक, स्टीअरिंग बॉक्सचा प्ले. मग स्प्रिंग बसल्या आहेत का, ते. त्यानंतर कॅस्टर आणि कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी, कारण आधीचे दोन बदलले की तोही बदलतो. किंगपिनचे नवे बुश ठोकून बसवले म्हणजे काम संपत नाही. दोन्ही बुश एका रेषेत रिमरने घासावे लागतात. त्यासाठी चांगला लेथवाला लागतो, आणि वसाहतीचा शेजार इथे उपयोगी पडतो.

मोजायला सुतळीही चालते. सपाट जमिनीवर (नसेल तर पाण्याची नळी लावून पातळी बघावी) गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर समांतर दोऱ्या ताणायच्या. त्या टायरला टेकवायच्या नाहीत, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते. हबच्या मध्यापासून अंतर धरायचे. रिमच्या पुढच्या कडेला खडूची खूण करून मोजायचे, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची आणि तीच खूण मागे आल्यावर पुन्हा मोजायचे. असे केल्याने रिम वाकडी असली तरी तिची चूक मोजमापात शिरत नाही. कॅम्बरला ओळंबा पुरतो.

टायरचाही विचार हवा. मूळ आकडे ५.२०-१४ मापाच्या, आडव्या-तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी होते. बाजारात त्यांना ‘नायलॉन’ म्हणतात. रेडियलचा स्वभाव वेगळा, त्याला सहसा कमी टो-इन लागते. एका गाडीत दोन्ही जातींचे टायर मिसळू नयेत. आणि गाडी डावीकडे जाते अशी तक्रार करण्याआधी रस्ता पाहावा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपल्याकडचे रस्ते कडेला उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालतो.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सींच्या पोटावर या गाडीचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात जगत होते. यापुढे गाड्या मूठभर शौकिनांकडे उरतील. किंगपिनचा खटका हाताने ओळखणारा मिस्त्री निवृत्त झाला, तर कागदावर हिरवे आकडे असलेली गाडी महामार्गावर ट्रकच्या शेजारी धावत राहील. म्हणून प्रत्येक मालकाने एक वही ठेवावी: कोणत्या बाजूला किती शिम होते, कोणते बुश कधी बदलले, कोणत्या टायरवर किती टो ठेवला आणि पाच हजार किलोमीटरनंतर टायर कसा झिजला. अशा दहा वह्या एकत्र आल्या, तर यंत्राच्या यादीत नसलेली माहिती आपल्याकडे असेल. मिस्त्री आहेत तोवरच त्या भरून घेता येतील.