शाळा व्यवस्थापन समितीची वही

मुंबई शहरात सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९२५ साली प्रथम एफ व जी या दोन विभागांत सुरू झाले. माहीम हे जी विभागातील. त्या सक्तीने मूल शाळेत धाडण्याचे कर्तव्य पालकाच्या माथी आले. शाळेच्या कारभारात त्याला स्थान मात्र मिळाले नाही. ते स्थान मिळावयास पुष्कळ काळ जावा लागला. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाने विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांना व्यवस्थापन समिती आवश्यक ठरविली. माहीमची महानगरपालिकेची शाळा असो वा आपल्या तालुक्यातील दोनशिक्षकी शाळा असो, कलम २१ दोहोंस सारखेच लागू आहे. समितीचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, असे ते कलम सांगते.

कागदावर पालकांचे बहुमत आहे. परंतु बहुमत असूनही पालक परका राहू शकतो. माहीमच्या कोळीवाड्यातील आई सकाळी मासळीच्या विक्रीस गेलेली असते. सभा अकरा वाजता ठेवली, तर नियम पाळला जातो आणि ती मात्र वगळली जाते. गावात खुरपणीस जाणाऱ्या आईची गोष्ट निराळी नाही. मग मागाहून वही घरी पाठवून सही वा अंगठा घेतला जातो. ही सही म्हणजे संमती नव्हे. दिवेलागणीनंतरची सभा शिक्षकास गैरसोयीची होते, हे खरे. विशेषतः परगावाहून येणाऱ्यास. तरीही महिन्यातील ती एक संध्याकाळ मोजावी लागेल.

सभेचे इतिवृत्त नीट लिहावे व ते लोकांस पाहावयास खुले असावे, असे नियम सांगतात. ‘अनुदानाबाबत चर्चा होऊन ठराव मंजूर झाला’ या वाक्याने कोणासही काही कळत नाही. रक्कम किती आली, कशासाठी आली, कोणत्या कामावर किती खर्च झाली व शिल्लक किती, हे चार ओळींत लिहिता येते. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी पुढील सभेच्या आरंभी ते मोठ्याने वाचावे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. तेथे वहीची भाषा पालकाची असणे ओघाने येते. आपल्याकडेही कार्यालयीन मराठी ही पुष्कळ पालकांना परभाषाच असते. वही कपाटात कुलुपबंद ठेवली, तरी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ती मागता येते. पण पालकास अर्ज करावा लागणे हेच शाळेस भूषणावह नाही.

पालक लुडबूड करतील, अशी शंका काही शिक्षक बोलून दाखवितात. ती अगदीच निराधार नाही. गावातील तंटे शाळेत शिरतात. तथापि कलम २४ नुसार मुलाची हजेरी, आकलनशक्ती व प्रगती पालकांस नियमित सभांतून सांगणे हे शिक्षकाचेच कर्तव्य आहे. जो पालक आपल्या मुलाच्या वाचनाविषयी बोलावयास येतो, तो बहुधा भांडावयास येत नाही.

शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी किमान तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हावा लागतो. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे मात्र दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांची मुले मागे राहणार की सोबत जाणार, राहिल्यास त्यांच्या जेवणाची व अभ्यासाची व्यवस्था काय, हे आराखड्यात यावयाचे असेल, तर त्यांच्याशी दसऱ्यापूर्वीच बसावे.