सोमेश्वराचे पाणी गोकर्णाच्या समुद्राला

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याने गेल्या दिवाळीत आपल्या सहलीचा सविस्तर वृत्तान्त कळविला. पॅसिफिक महासागराचा खडकाळ किनारा, कड्यावरून थेट वाळूत उतरणारे धबधबे आणि रेडवुड वृक्षांची अरण्ये! शंभर मीटरांहून उंच वाढणारे, दोन-दोन हजार वर्षे जगणारे आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर कोरडा उन्हाळा निभावून नेणारे हे वृक्ष. वाचता वाचता घरातील मंडळी हरखून गेली. शेवटी त्याने विचारले होते, "मामा, आपल्या धारवाडच्या आसपास असे काही आहे का हो?"

प्रश्न साधा होता. पण आम्ही निरुत्तर झालो. सप्तापुरात आमचे आयुष्य गेले. मुलांना भूगोलाच्या तासाला नाईल आणि ॲमेझॉन शिकविताना आमचा खडू कधी अडखळला नाही. पण घराजवळून निघणारी नदी कोठे जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले नव्हते.

आमचे वडील श्रावणी सोमवारी आम्हांला सोमेश्वराला नेत. शाल्मलेच्या उगमापाशी हातपाय धुताना ते हटकून सांगत, "बाळ, हे पाणी गोकर्णाकडच्या समुद्राला जाते. एकदा त्याच्या पाठोपाठ जायचे आहे." नोकरी, प्रपंच आणि आजारपण यांतून त्यांना ते साधले नाही. भाच्याच्या पत्राने त्या बोलण्याची आठवण झाली आणि आम्ही उभयतांनी जाण्याचे ठरविले.

धारवाडचे स्थान मोठे मौजेचे आहे. हुबळीच्या पूर्वेकडचे पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला व पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जाते. आपली शाल्मला मात्र पश्चिमेची वाट धरते. कलघटगीपाशी तिचा बेडतीशी संगम होतो, आणि समुद्राजवळ हीच नदी गंगावळी हे नाव धारण करते. सोमेश्वराच्या देवळापासून सागरापर्यंतचा हा प्रवाह सुमारे १५२ किलोमीटरांचा. एका नदीला तीन नावे. जणू माहेरचे एक, सासरचे एक आणि तीर्थाचे एक! शिरसीजवळ सहस्रलिंगाच्या शिळांमधून वाहणाऱ्या नदीलाही शाल्मलाच म्हणतात. ती निराळी, परंतु तिचे पाणीही अखेर बेडतीलाच येऊन मिळते.

पावसाळा सरल्यावर आम्ही निघालो. कलघटगी मागे पडली आणि कपाशी-मक्याची शेते संपून रान सुरू झाले. यल्लापूरच्या बाजारात सिद्दी स्त्रिया भेटल्या. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज आज कोकणी व कानडी सहज बोलतात. आपण मराठी माणसे परमुलखात रुजल्याचे कौतुक सांगतो. त्यांचे रुजणे पाहिले की आपला अभिमान आपोआप नम्र होतो.

यल्लापूरपासून वीसएक किलोमीटरांवर मागोड. येथे बेडती दोन टप्प्यांत सुमारे २०० मीटर खोल दरीत झेपावते. धबधबा समोरच्या कड्यावरून पाहावयाचा. जवळ जाण्याची सोय नाही आणि ते बरेच आहे. प्रथम कानांवर घोष येतो, मग झाडांच्या फटीतून शुभ्र रेघ दिसते, आणि कठड्यापाशी उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. बऱ्याच वेळाने आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढे सगळे पाणी आपल्या सोमेश्वराचे?"

आम्ही शिक्षकी सवयीने सांगू लागलो की वाटेत अनेक ओढे मिळतात, घाटमाथ्याचा पाऊस मिळतो. त्या हसून म्हणाल्या, "असू दे की. त्यात आपलेही ओंजळभर असेलच!"

सायंकाळी जवळच्या जेनुकल्लु गुड्ड्यावरून, म्हणजे 'मधाच्या दगडा'च्या टेकडीवरून, सूर्यास्त पाहिला. खाली बेडतीचे खोरे, वर धनेश पक्ष्यांच्या पंखांचा फडफडाट. २०११ साली हे खोरे संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले.

परंतु ही हिरवाई आपोआप उरलेली नाही. कॅलिफोर्नियातील जुन्या रेडवुड अरण्यांपैकी आज शेकडा पाचच्या आसपास उरली आहेत. बाकीची कुऱ्हाडीखाली गेली. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही तोच प्रसंग आला होता. ८ सप्टेंबर १९८३ रोजी शिरसी तालुक्यातील सळकणी गावच्या स्त्री-पुरुषांनी कळसे रानात जाऊन झाडांना मिठ्या मारल्या. गढवालच्या 'चिपको'ची ही धाकटी बहीण. कानडीत तिचे नाव 'अप्पिको', म्हणजे आलिंगन. पांडुरंग हेगडे यांनी हे आंदोलन पुढे नेले. बेडतीवरील जलविद्युत् योजनेलाही येथील लोकांनी विरोध केला आणि ती मागे पडली. अलीकडे बेडतीचे पाणी वरदेकडे वळविण्याच्या योजनेवरून पुन्हा वाद उठला आहे. कोरड्या मुलखातील शेतकऱ्याची तहान खरी आहे. पण नदी ही केवळ समुद्रात 'वाया जाणारे' पाणी नव्हे, हे मागोडच्या कठड्यापाशी उभे राहिलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अरबैल घाट उतरून अंकोल्यास आलो. तेथून गोकर्णाच्या वाटेवर शिरूर लागते. १६ जुलै २०२४ रोजी येथे मुसळधार पावसात महामार्गालगतचा डोंगर कोसळून गंगावळीत आला. माणसे दगावली, एक मालमोटार दोन महिन्यांहून अधिक काळ नदीच्या तळाशी राहिली. आता नदी तेथून शांत वाहते. आम्ही गाडी थांबवून क्षणभर हात जोडले. त्या दिवसांतला पाऊस आमच्या अंगणातही पडला होता. पण त्याच नदीकाठी कोणाचे घर बुडाले, हे आम्ही बातमीत ऐकून विसरलो होतो.

याच अंकोला तालुक्यातील होन्नळ्ळीच्या तुळसी गौडा. हालक्की समाजातील ही निरक्षर स्त्री वनखात्याच्या रोपवाटिकेत राबली. कोणत्या मातृवृक्षाचे बी केव्हा गोळा करावे, हे तिला तोंडपाठ. पद्मश्री स्वीकारण्यास ती राष्ट्रपती भवनात अनवाणी गेली. १६ डिसेंबर २०२४ रोजी ती निवर्तली. आमची एम. ए. ची पदवी या विद्येपुढे फिकी वाटली.

अखेर गंगावळी गाव, गंगामातेचे देऊळ आणि त्यापुढे नदीमुख. पाणी रुंद, संथ, मातकट. पलीकडे फेसाळ निळा समुद्र. दोन्ही रंग काही अंतर वेगळे राहतात आणि मग कोठे एक होतात, ते कळत नाही. कोळ्यांच्या होड्या परतत होत्या. आम्ही पाण्यात पाऊल बुडविले, तेव्हा वडिलांचे शब्द कानांत उभे राहिले. त्यांची इच्छा पुरी व्हावयास आमची पन्नाशी उलटावी लागली.

वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात मागोडची धार बारीक होते, आणि पावसाळ्यात घाट व समुद्र दोन्ही धोक्याचे. सवड असल्यास अघनाशिनीवरील ११६ मीटरांचा उंचळ्ळी धबधबा आणि याणाचे काळे सुळकेही पाहावेत.

भाच्याला आम्ही उत्तर धाडले: "रेडवुड आमच्याकडे नाहीत. पण समुद्र आहे, प्रपात आहे, अरण्य आहे आणि त्याला मिठी मारणारी माणसेही आहेत. ये, दाखवितो."

परतल्यावर सोमवारी सोमेश्वराला गेलो. कुंडाच्या काठी कोणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पडली होती. आजवर अशा कितीतरी पिशव्या पाहून आम्ही पुढे गेलो असू. त्या दिवशी ती उचलली. कारण ती कोठे पोहोचते, हे आता आम्हांला ठाऊक झाले होते.