रिकाम्या घरातील अक्षर

वृत्तपत्रातील शब्दकोडे आपण पुष्कळदा पाहतो. त्यातील काही घरे भरलेली असतात, तर काही रिकामी. 'शब्द पाच अक्षरांचा आहे, त्यात अमुक अक्षरे आहेत. तर तो शब्द कोणता?' हा प्रश्न वरवर पाहता केवळ करमणुकीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्याची एक निश्चित रीत आहे, आणि एका महायुद्धात ह्याच रीतीने पुष्कळ माणसांचे प्राण वाचले आहेत.

मराठी व इंग्रजी कोड्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी यांसह संपूर्ण अक्षर एकाच घरात बसते. जोडाक्षरालाही एकच घर पुरते. म्हणून 'पुस्तक' हा शब्द तीन घरांत मावतो. इंग्रजीत मात्र स्वराला वेगळे घर आणि व्यंजनाला वेगळे घर लागते. तेथे मूळ अक्षरे अवघी २६ आहेत. एक घर रिकामे असेल तर २६ शक्यता. दोन घरे रिकामी असतील तर २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ शक्यता! ह्या साऱ्या एकामागून एक तपासत बसणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

मग आरंभ कोठून करावा? ज्या अक्षरांचा वापर अधिक, ती अक्षरे आधी तपासावीत. इंग्रजी लेखनात 'ई' हे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. त्याच्या मागोमाग 'टी' आणि 'ए' यांचा क्रम लागतो. 'क्यू' आणि 'झेड' ही अक्षरे मात्र क्वचितच भेटतात. तारायंत्राची सांकेतिक लिपी सिद्ध करताना सॅम्युएल मोर्स व त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांना ह्याच माहितीची गरज पडली. ती त्यांना मुद्रणालयात मिळाली. कोणत्या अक्षराचे किती खिळे जुळाऱ्याच्या पेटीत ठेवलेले असतात, हे पाहिले की त्या अक्षराचा वापर किती, हे आपोआप कळते. म्हणूनच मोर्सच्या लिपीत 'ई'ला एकच टिंब आणि 'टी'ला एकच रेघ मिळाली.

पुढे १९३० नंतरच्या मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स नावाच्या एका बेकार अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून एक खेळ रचला. तोच आजचा 'स्क्रॅबल' होय. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांपैकी १२ सोंगट्या 'ई'च्या असतात. 'क्यू' व 'झेड' यांची मात्र एकेकच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांच्या सवयी. माणसांप्रमाणे अक्षरांनाही सोबती असतात. इंग्रजीत 'क्यू'च्या पाठोपाठ बहुधा 'यू' येतोच. पाच घरांच्या शब्दात दुसऱ्या घरी 'क्यू' दिसला, की तिसऱ्या घरी 'यू' लिहून पाहावा. 'ई-क्यू-यू-ए-एल', म्हणजे 'समान' हा शब्द मग सहज डोळ्यांपुढे येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा, एका मित्राने पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द मनात धरला आहे. आपण एकेक शब्द सुचवायचा आणि त्यातील कोणती अक्षरे त्याच्या शब्दात आहेत, हे त्याने सांगायचे. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांपुढे आणलेला 'वर्डल' हा खेळ असाच आहे. त्यात सहाच प्रयत्न मिळतात. आता शेवटची चार अक्षरे 'आय-जी-एच-टी' आहेत, एवढे आपल्याला कळले. केवळ पहिले अक्षर हवे! परंतु नेहमीच्या वापरातील असे आठ शब्द आहेत: फाइट (लढणे), लाइट (प्रकाश), माइट (सामर्थ्य), नाइट (रात्र), राइट (उजवा), साइट (दृष्टी), टाइट (घट्ट) आणि एट (आठ). शेवटच्या शब्दाचा उच्चार निराळा असला, तरी लेखन त्याच धर्तीचे आहे. हे शब्द एकामागून एक सुचवत गेलो, तर सहा प्रयत्न कदाचित पुरणारही नाहीत.

अशा वेळी चतुर खेळाडू 'फिल्म्स' हा शब्द सुचवतो. हे उत्तर नव्हे, हे त्याला ठाऊक असते. परंतु त्या शब्दात 'एफ', 'एल', 'एम' व 'एस' ही चारही अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांपैकी एखादे असल्याचे कळले, की उत्तर हाती आले! एकही नसेल, तर 'ई', 'एन', 'आर' आणि 'टी' उरतात. मग 'ई-एन-टी-ई-आर', म्हणजे 'एन्टर' हा शब्द सुचवावा. 'ई', 'एन' किंवा 'आर' मिळाल्यास शब्द ठरला; न मिळाल्यास पहिले अक्षर 'टी'च असले पाहिजे. आठांपैकी कोणताही शब्द असो, तिसऱ्या प्रयत्नात तो सापडतोच. 'नाही' हे उत्तरदेखील किती उपयोगी असते, हे येथे दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धात हीच युक्ती फार मोठ्या कामी आली. जर्मन सेना आपले संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्राने गुप्त लिपीत पाठवीत असे. इंग्लंडकडे अन्नधान्य घेऊन येणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवीत होत्या, आणि त्या पाणबुड्यांना आज्ञा जात त्या ह्याच लिपीत. ती उलगडण्याचे काम इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे चाले. संदेशात हवामानाचा अंदाज असणार, असे तेथील तज्ज्ञ अनेकदा ताडत. त्या अर्थाचा जर्मन शब्द आहे 'वेटरफोरहेरझागे'. तो लिहिताना सोळा अक्षरे लागतात. एनिग्मा यंत्रात एक उणीव होती: कोणत्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीही उमटत नसे. म्हणून तज्ज्ञ तो शब्द गुप्त संदेशाखाली मांडून एकेक घर पुढे सरकवीत. जेथे वरचे व खालचे अक्षर एकच येई, ती जागा बाद होई. उरलेल्या जागांच्या आधारे अॅलन ट्युरिंग यांनी आखलेली यंत्रे पुढील शोध घेत. संदेश उलगडले म्हणजे जहाजांना पाणबुड्यांची वाट चुकवून नेता येई. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' वृत्तपत्राने बारा मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली होती. तीत चमकलेल्या काहींना नंतर ब्लेचली पार्कमध्ये कामासाठी बोलावण्यात आले!

तात्पर्य, शब्द शोधणे म्हणजे अंधारात तीर मारणे नव्हे. आधी मोजावे, मग सवयी ओळखाव्यात आणि जे अशक्य आहे ते धीराने वगळत जावे. मराठीतील अक्षरांच्या सवयी कोणत्या? ह्या पाठातील एक परिच्छेद घेऊन त्यातील अक्षरे मोजा. त्या तुमच्या तुम्हालाच सापडतील.